पांढरी गुंज

किचनर
१८ जानेवारी २००९

चि. ईरा हिला आजीचे आणि आबांचे खूप खूप आशीर्वाद.

हे पत्र तुला तुझी आई वाचून दाखवील. मृणालिनी, सावकाश वाच गं. तुझं नेहमीचं घाईघाईत गिळत वाचणं नको. पोरीला अर्धं कळतं आणि उरलेल्या अर्ध्याला ती नुसतीच मान हलवते. सगळ्यांत खाली मोठ्या अक्षरांत एक ओळ लिहिली आहे, ती मात्र ईराने स्वतः वाचायची. तिथे आईची लुडबुड नको.

तुम्ही व्हँकुव्हरला गेलात आणि माझी शनिवारची सकाळ एकदम मोकळी झाली. तुझी अंकलिपी अजून स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. आबा तिच्यावर चहाचा कप ठेवतात आणि माझ्या शिव्या खातात. आपण सगळी साधी अक्षरं संपवली होती, जोडाक्षरं तेवढी राहिली. ती आता पत्रातून शिकवीन म्हणते.

तू फोनवर का येत नाहीस? मी फोन केला की तुझे बाबा म्हणतात, "आई, शी इज बिझी." आठ वर्षांच्या मुलीला कसलं गं बिझी? ऑफिस उघडलंयस की काय? आरव बघ, अडीच-तीन वर्षांचं पोर, पण फोनमध्ये नुसता श्वास सोडतो तरी मला बरं वाटतं.

इथे बर्फाने उच्छाद मांडलाय. आबा सकाळी ड्राइव्हवे शोव्हल करतात आणि दुपारभर कंबर शेकत कण्हतात. शेजारच्या मुलाला पैसे देऊन करून घ्या म्हटलं तर त्यांना अपमान वाटतो. परवा संक्रांतीला तिळगूळ ठेवायला त्यांना चांदीची वाटी हवी होती. सगळी कपाटं उपसली. "सुरेखा, दिवाळीत तर होती!" म्हणे. असेल कुठेतरी, म्हटलं, वस्तू काय पाय फुटून जाते का? शेवटी स्टीलच्या वाटीतला तिळगूळ खाल्ला.

आणि हे बघ राणी, एक सांगायचं होतं. दिवाळीच्या संध्याकाळी आपल्या घरी जे झालं ते झालं. आरवने ती विषारी फळं तोंडात घातली, हॉस्पिटलमध्ये रात्र काढावी लागली, पण देवाच्या कृपेने तो बरा झाला ना? मग आता ते मनात धरून बसायचं नाही. लहान माणसांच्या हातून चुका व्हायच्याच. तू हॅलोवीनसाठी रानातलं काहीबाही गोळा करत होतीस, त्यात आलं असेल ते. आजी तुझ्यावर मुळीच रागावलेली नाही. मी तुला कधीच माफ केलंय. तेव्हा आता फोनवर येत जा.

तुझी,
आजी

ईरा, बरफ पडला. आबा नाही पडले.


किचनर
२८ मार्च २००९

चि. ईरा हिला आशीर्वाद.

काल पाडवा झाला. गुढीला कडुलिंब कुठला मिळायला इथे, मी आपली पुदिन्याची काडी लावते दरवर्षी. आबा म्हणतात, देवाला चटणीचा नैवेद्य.

तुझ्या बाबांचा फोन आला होता. बोलता बोलता त्याने सांगितलं की तू शाळेतून आलीस की दारातच तुझे खिसे उलटे करून बघतात. आरवजवळ तुला एकटीला बसू देत नाहीत. मृणालिनी, हे जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? मी मध्ये बोलणार नाही. तुमचं घर आहे. पण तिने काय मुद्दाम केलं होतं का? तिला कळत होतं का?

म्हणजे कळत होतं. तेच तर मला सांगायचं आहे. ईराला सगळं नीट कळत होतं.

ईरा, आपण दोघी नदीकाठच्या रानात गेलो होतो ते आठवतं ना तुला? पानं नुसती लाल-पिवळी झाली होती आणि तुझ्या हातात शाळेतला तो कागद होता, भीतिदायक दिसणाऱ्या रानातल्या वस्तू शोधा म्हणून. वर्गात हॅलोवीनचं टेबल मांडायचं होतं तुम्हाला. कुजक्या बुंध्यातून ती अळंब्यांची काळी बोटं वर आली होती बघ, नखांसकट माणसाचीच वाटावीत अशी. "डेड मॅन्स फिंगर्स!" म्हणून तू अशी किंचाळलीस की मी रामरक्षाच सुरू केली. मग पडलेल्या फांदीवर ते नारंगी लिबलिबीत, काय गं ते, चेटकिणीचं लोणी. मी म्हटलं, चेटकिणीला तूप कढवता येत नाही वाटतं, जिलबीचं पीठ सांडल्यासारखं दिसतंय. तू किती हसलीस. भूतपाइप म्हणून जी पांढरी रोपटी शोधायची होती ती सापडली, पण वाळून काळी पडलेली. तुझं तोंड एवढंसं झालं. भूतसुद्धा म्हातारं होतं, असं मी म्हणाले होते. आणि ते गोल, चेंडूसारखं अळंबं तू बुटाने दाबलंस तर आतून तपकिरी धूर निघाला आणि माझ्या कोटावर बसला.

आणि मग त्या उताराखाली ती लाल देठांची डहाळी दिसली. जाड लालभडक देठ आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढरंशुभ्र फळ, फळावर एकच काळा ठिपका. एवढे सगळे डोळे एकदम आपल्याकडे बघतायत असं वाटलं. मी हात पुढे केला, तर तू माझी बाही ओढलीस. "आजी, डोन्ट टच! दोज आर डॉल्स आईज. दे आर पॉइझनस. इट्स ऑन द शीट." तू कागद माझ्या नाकाजवळ धरलास.

मी हसले. अगं वेडे, म्हटलं, ही पांढरी गुंज आहे.

तुला कुठून माहीत असणार गुंज! माझे बाबा राजापूरला सोनार होते. सोनं तोलायला त्यांच्या तागडीत लाल गुंजा असत, त्यांच्या डोक्यावर असाच काळा ठिपका. पण पांढरी गुंज दुर्मीळ. बाबांकडे मोजक्याच होत्या, एका डबीत. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर वाटीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत डबीत. मी या देशात आले तेव्हापासून दर दिवाळीला मला त्या डबीची आठवण येते. इतकी वर्षं झाली, इथे सगळं मिळायला लागलं, गुळाच्या ढेपेपासून केरसुणीपर्यंत. पण पांढरी गुंज काही मिळाली नाही.

असो. तू "नो, आजी, नो" करत राहिलीस, म्हणून आपण ती डहाळी तिथेच सोडून घरी आलो. हे मी मुद्दाम लिहिते आहे मृणालिनी, म्हणजे तुझ्या लक्षात येईल की पोरगी किती सावध होती. आता मग ती फळं घरात कशी आली, देव जाणे.

तुझी,
आजी

ईरा, तू हुशार आहेस. तू फार हुशार आहेस.


किचनर
१० मे २००९

चि. सौ. मृणालिनीस आशीर्वाद.

हे पत्र तुला एकटीला लिहीत आहे. ईराला वाचून दाखवू नकोस. आधी तू वाच, बसून वाच.

तुझे सासरे विंटर टायर ठेवायला बेसमेंटमध्ये गेले होते. मागे रिकाम्या खोक्यांच्या आड ग्रोसरीची पिशवी त्यांच्या हाताला लागली. तिच्यात चांदीची वाटी होती आणि वाटीच्या तळाशी सुकलेली, सुरकुतलेली फळं. ठिपके तसेच दिसत होते. त्यांनी वाटी आणून टेबलावर ठेवली, हात धुतले, जेवायला बसले. आमटी वाढून घेतली. मी आपली भात वाढतेय, लोणचं पुढे करतेय. मग उठताना म्हणाले, "सुरेखा, त्या दिवशी पोरीला मारलं होतं गं तिच्या आईने." एवढंच. तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलतात. मला ओरडले असते तर परवडलं असतं.

डहाळी मी आणली, मृणालिनी. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी हे डेंटिस्टकडे गेले होते, तेव्हा मी एकटी बस धरून गेले, उतारावरून घसरत खाली उतरले आणि तोडून आणली. ईराचा त्यात काडीचा संबंध नाही.

आता म्हणशील, तुम्हाला गुंजच वाटली ना, मग चूक झाली, होते. मीसुद्धा हिवाळाभर स्वतःला हेच सांगत होते. पण मला गुंज वाटली नाही गं. म्हणजे पहिल्या दिवशी लांबून वाटली. तोडायला गेले तेव्हा पान दिसलं. गुंजेचं पान चिंचेच्या पानासारखं, बारीक. हे मोठं, दातेरी. मी मनात म्हटलं, या देशात सगळंच मोठं, पानही मोठं असेल. मग घरी फळं देठावरून काढताना एक बोटात फुटलं. आतून चक्क गर आला. गुंज दगडासारखी असते, वर्षानुवर्षं तागडीत आपटली तरी तिला काही होत नाही. सोनाराच्या मुलीला हे सांगायला लागत नाही. मी बोट पदराला पुसलं आणि बाकीची फळं वाटीत घातली. कारण सगळे येणार होते. मला तुम्हाला दाखवायचं होतं की बघा, माझ्या माहेरी असंच असायचं. आणि आठ वर्षांच्या पोरीने मला चूक ठरवलं होतं, ते कुठेतरी टोचत होतं. हे लिहिताना सुद्धा जीव नकोसा होतोय, पण टोचत होतं हे खरं.

आणि समजा गुंज असतीच, तरी ती ठेचली गेली की विषच. बाबा डबी उंच फळीवर ठेवायचे. मी वाटी चौरंगावर ठेवली, आरवच्या हाताच्या उंचीवर, आणि करंज्या तळायला आत गेले. तू आणि शंतनु अजून पोहोचायचे होतात. मुलं दुपारपासून माझ्याकडे होती. आरव रडायला लागला म्हणून धावले तर त्याच्या ओठांतून ते पांढरं ओघळत होतं. तोंड कडू झालं म्हणून त्याने बहुतेक थुंकलं, तेच नशीब. मी त्याला उचलला आणि दुसऱ्या हाताने वाटी उचलून पिशवीत कोंबली. बघ, त्या क्षणीसुद्धा मला हे सुचलं. पोर रडतंय आणि मी वाटी लपवतेय.

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, हे घरात कुठून आलं? तुम्ही दोघं धापा टाकत नुकतेच पोहोचला होतात. मी म्हटलं, "शी कलेक्ट्स दीज थिंग्ज. फॉर हॅलोवीन." शब्दाशब्दाने खरं. ती करतच होती गोळा. तू वळलीस आणि ईराला विचारलंस. ती म्हणाली, "आय डोन्ट थिंक सो." तू म्हणालीस, "खोटं बोलू नकोस," आणि तिच्या गालावर पाच बोटं उठली. मी शेजारच्या खुर्चीवर होते. आरवचं जाकीट माझ्या मांडीवर होतं. मी त्याच्या चेनशी चाळा करत बसले.

तिचा खोका तू कचऱ्यात टाकलास. ती काळी बोटं, वाळलेली भुतं, सगळं. हॅलोवीनला तिला बाहेर सोडलं नाहीस. माझ्या जुन्या पांढऱ्या साडीचा मी तिला भुताचा झगा शिवला होता, तो अजून बेसमेंटमध्ये टांगलेला आहे. कपडे धुवायला खाली गेले की मी त्याच्याकडे पाठ करते.

आणि जानेवारीत मी तिला माफ केल्याचं पत्र लिहिलं. मीच. मला वाटतं, सगळ्यांत वाईट तेच केलं.

तुला माझा किती राग येईल ते मला माहीत आहे, यायलाच हवा. तू तिला जवळ घे, खिसे बघणं बंद कर. पण ईराला माझं नाव सांगू नकोस, एवढं ऐक. नुसतं सांग की तुझी चूक नव्हती. मी तिची आजी आहे गं. तिच्या नजरेतून उतरले तर मला दुसरं काय उरलं?

सुरेखा


किचनर
२४ मे २००९

चि. सौ. मृणालिनीस आशीर्वाद.

काल फोनवर तू बोललीस आणि मी नुसती ऐकत राहिले. मला वाटलं होतं तू तोंड सोडशील. चारदा "आई" म्हणालीस आणि चारही वेळा आवाज चढवला नाहीस. त्याने जास्तच लागलं.

तू तिची माफी मागितलीस. मांडीवर घेऊन सांगितलंस की तू काही केलं नव्हतंस. आणि ती काय म्हणाली ते तू मला सांगितलंस, ते मी रात्रभर ऐकत होते. "बट आजी सेड शी फर्गिव्ह्ज मी. सो इट वॉज मी." मेबी इट वॉज इन माय पॉकेट, म्हणाली. मेबी इट गॉट स्टक. म्हणजे त्या रात्री ती आय डोन्ट थिंक सो म्हणाली, आणि एवढ्या महिन्यांत तिला स्वतःचाच भरवसा राहिला नाही. फोनवर यायची नाही, ती माझ्यावर रुसून नव्हे. तिला माझी भीती वाटत होती की आजी रागावली असेल! आणि मी आपली इथे, तू ऑफिस उघडलंस का म्हणून चेष्टा करत होते. बाई गं, काय करून बसले मी!

तू म्हणालीस, "आई, माझी माफी मी मागितली. तुमची मी मागू शकत नाही. माझ्यावर तिचा विश्वास नाही, कारण तुमचं पत्र माझ्या बोलण्यापेक्षा तिला खरं वाटतं. तिला स्वतःला वाचता येईल असं लिहा. मी मध्ये बसणार नाही." बरोबर आहे तुझं. मी तुला लिहिलं होतं की माझं नाव सांगू नकोस. ते पत्र फाडून टाक, निदान तेवढं शेवटचं वाक्य तरी खोडून टाक.

सोबतचा कागद ईराचा आहे. तिला शिकवलेल्या अक्षरांतच लिहिलाय, जोडाक्षर कुठे येऊ दिलं नाही, अडली तरी लावून वाचेल. तिच्या हातात दे आणि खोलीबाहेर जा. तिने आत काय केलं, रडली का, फेकला का, ते मला विचारायला लावू नकोस. तुला वाटलं तर सांग, नाहीतर नको.

पार्सलमध्ये भुताचा झगा आहे. वीतभर वाढवलाय, ऑक्टोबरपर्यंत आणखी उंच होईल ती. यंदा तिला रानात जाऊ दे. तिला काय उचलायचं, काय नाही, ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. चांदीची वाटी यांनी घासली, लख्ख झाली, पण मी म्हटलं, आता ती देवापुढे ठेवायची नाही. हे म्हणाले, ठेवायची, दरवर्षी ठेवायची, रिकामी.

सुरेखा


ईरा,

ते फळ मी आणले. तू नाही.

तू मला नको नको बोलली. मी ऐकले नाही. तू खरी होतीस.

मग मी एकटी गेले. मी डहाळी तोडली. मी वाटी भरली. आरव लहान. तो ते फळ चावला.

आई तुला ओरडली. आईने तुला मारले. मी बाजूला होते. मी काही बोलले नाही.

मग मी तुला माफी दिली. ती माफी खोटी. तू काही केले नाही, मग माफी कसली?

माफी मला हवी. तू दे. नको वाटले तर नको देऊ.

मला लाज वाटते.

ईरा, तुझा खिसा रिकामा होता.

आजी